पोटॅशचा सावत्र भाऊ

वहिनींचे केस गळतायत हे घरात पहिल्यांदा डॉक्टरच्या लक्षात आलं. एरवी त्याचं घराकडे लक्ष असायचंच कुठे! सकाळी इस्पितळ, संध्याकाळी इस्पितळ, मधल्या वेळात थोरल्या भावाकडे दोन घास. लग्न केलं नव्हतं, त्यामुळे दादाचं घर तेच त्याचं घर. त्या दुपारी वाढता वाढता वहिनींच्या डोक्यावरचा रुमाल सरकला आणि कानामागे तळहाताएवढी जागा गुळगुळीत दिसली. ना खपली, ना लाली. तिथे कधी केस उगवलेच नव्हते जणू.

"वहिनी, हे काय?"

वहिनींनी रुमाल झटकन पुढे ओढला. "काही नाही हो, भाऊजी. फणीला झुपकेच्या झुपके येतात हल्ली. वय झालं."

"वय कसलं? माझ्याहून लहान आहात तुम्ही."

"दिवसभर त्या काजळीत हात घालून बसते," दादा ताटावरून मान वर न करता म्हणाला. "मी सांगून थकलो. ऐकेल तर शपथ."

गावाबाहेर गंधकाच्या ॲसिडचा कारखाना होता. त्याच्या धुराड्यातून खरवडलेली काजळी पोत्यांनी दादाच्या प्रयोगशाळेत येत असे. दादा कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचा. सगळे त्याला मास्तर म्हणत. थॅलियम नावाचा एक नवा धातू नुकताच कुठेतरी लांबच्या देशात सापडला होता, आणि तो अशाच काजळीत दडलेला असतो असं कळल्यापासून दादाला दुसरं काही सुचत नव्हतं. बोलायचं काम दादाचं. काजळी उकळायची, गाळायची, वाळवायची, तोलायची, हे सगळं वहिनींचं. लग्नाआधी त्या दादाच्याच हाताखाली शिकल्या होत्या, आणि तराजूवर त्यांच्यासारखा हात कॉलेजात दुसऱ्या कुणाचा नव्हता. हे दादाही कबूल करायचा. फक्त त्यांच्यासमोर नाही.

दादाला थॅलियम हवा होता तो एका तक्त्यासाठी. प्रयोगशाळेच्या एका भिंतीवर त्याने माहीत असलेली सगळी मूलद्रव्यं कुटुंबं पाडून मांडली होती. क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन ही तीन भावंडं. मधल्याचा अणुभार काढायचा तर दोन टोकांची बेरीज करून अर्धी करायची, जवळजवळ बरोबर येतो. सोडा आणि पोटॅश, म्हणजे राखेतला क्षार, ज्यांच्यापासून होतात त्या धातूंचंही तसंच. "खाण तशी माती," दादा वर्गात म्हणायचा. "कुळ कळलं की स्वभाव कळला. मग त्याला पाहायचीसुद्धा गरज नाही."

ऐकायला गोड होतं. भिंतीवर मात्र तक्त्याचा वरचा भाग तेवढा देखणा होता. खाली उतरावं तसा गोंधळ. काही चौकोनांत दोन-दोन मूलद्रव्यं कोंबलेली, काही कुटुंबांत मधला भाऊच नाही, आणि तळाशी 'किरकोळ' असं लिहून जवळजवळ निम्म्यांची रवानगी केलेली. दादाने हा तक्ता शास्त्रज्ञांच्या सभेत मांडला तेव्हा एक म्हातारे गृहस्थ उभे राहून म्हणाले होते, "मास्तर, इमारत झकास आहे. पण एकेका खोलीत दोन बिऱ्हाडं आणि निम्मे भाडेकरू अंगणात. भाडं कुणाकडून घेता?" सभा खो खो हसली. त्या दिवशी दादा घरी येऊन न जेवता निजला.

म्हणून थॅलियम. पोटॅशच्या घरात अलीकडेच दोन नवे धातू सापडले होते आणि दोघेही शहाण्या मुलांसारखे आपापल्या जागी बसले होते. थॅलियमही तिथेच बसला असता, तर हसणाऱ्यांची तोंडं बंद झाली असती. आणि तो बसण्यासारखा होताही. त्याचा क्षार पोटॅशसारखा पाण्यात चटकन विरघळायचा, त्याचे स्फटिक पोटॅशच्या स्फटिकांना जुळणारे. पण धातू म्हणून हातात घेतला तर राखाडी, मऊ, कागदावर शिशासारखी रेघ ओढणारा. आणि जड! दादाच्या हिशेबाने अणुभार जेवढा यायला हवा होता, त्याहून वहिनींचं उत्तर बरंच जास्त येत होतं. शिशाच्या अगदी उंबरठ्यावर.

"तुझ्या नमुन्यात शिशाची भेसळ राहिली असणार," दादा म्हणाला.

वहिनींनी पहिल्यापासून सगळं पुन्हा केलं. तेच उत्तर. मग पुन्हा. तेच.

"तराजू तपासून घे."

"तराजू तपासला. तक्ता तपासू का आता?"

त्यानंतर काही दिवस नवरा-बायकोत कामापुरतंच बोलणं चाललं. दादाने थॅलियम पोटॅशच्या घरात लिहिला आणि अणुभाराची जागा कोरी सोडली.

डॉक्टरला यातलं फारसं काही ठाऊक नव्हतं. त्याचं जग म्हणजे मुलांच्या इस्पितळाचा मागचा कक्ष. तिथे डोक्यात नायटा झालेली मुलं असत. हा रोग मारत नाही, पण सोडतही नाही. शाळा अशा मुलांना दारात उभं करत नाही, शेजारी आपल्या मुलांना त्यांच्याशी खेळू देत नाहीत. केसांच्या मुळाशी रोग बसलेला, म्हणून केस मुळासकट काढायचे, एवढाच इलाज. त्यासाठी वितळलेलं डांबर फडक्याला फासून टोपीसारखं डोक्यावर चिकटवायचं आणि वाळलं की ओढायचं. एका परिचारिकेने खांदे धरायचे, दुसरीने पाय. टोपी डॉक्टर स्वतः ओढायचा. दुसऱ्या कुणावर सोपवायची त्याला लाज वाटे. त्या दिवशी त्याला अन्न जात नसे.

कक्षात तेव्हा एक मुलगी होती. तिला सगळे भिंगरी म्हणत, कारण ती चालत अशी नसेच. दोन खाटांमधल्या जागेत हात पसरून गरगर फिरत राहायची, घेरी आली की फरशीवर बसून खिदळायची. तिची आई इस्पितळाच्याच धुलाईखान्यात चादरी उकळायची. दोनदा टोपी होऊनही भिंगरीचा नायटा परत आला होता. तिसरी टोपी ठरली तेव्हा ती खाटेखाली जाऊन बसली आणि तिच्या आईने तिला पायाला धरून बाहेर ओढलं. ओढताना आईच रडत होती.

आणि इथे वहिनींच्या कानामागे केस आपोआप गळून पडले होते. रक्त नाही, वेदना नाही.

जेवण तसंच टाकून डॉक्टर उठला. "दादा, हा तुझा थॅलियम पोटात गेला तर काय होतं?"

"पोटॅश पोटात गेला तर काय होतं?" दादा म्हणाला. "लोक चमच्याने खातात. तू स्वतः देतोस. त्याच घरातला आहे हा."

"म्हणजे निर्धोक?"

"खाण तशी माती."

"भाऊजी, जरा जपून," वहिनी म्हणाल्या. "माझ्या तराजूवर तो शिशाजवळ बसतो. शिसं काय करतं ते तुम्हाला मी सांगायला नको."

"झालं हिचं सुरू!" दादाचा आवाज चढला. "तुझ्या एका तराजूपायी कुळंच्या कुळं मोडू का मी?"

डॉक्टर वहिनींकडे वळला. "ते राहू द्या, वहिनी. तुम्ही महिनोन्‌महिने हाताळताय. केसांखेरीज दुसरा काही त्रास? पोट? हातपाय?"

वहिनींच्या टाचा गेले कित्येक दिवस जळत होत्या. तळव्यांना सुया टोचल्यासारखं व्हायचं, म्हणून कामाच्या टेबलाखाली त्या गार पाण्याच्या घमेल्यात पाय सोडून बसायच्या. पण हे बोललं की दादा प्रयोगशाळेच्या दाराला कुलूप घालणार. आधीच तो म्हणत होता की हे बायकांचं काम नाही. आणि दिवसभर उभं राहिलं की कुणाचे पाय दुखत नाहीत?

"नाही," त्या म्हणाल्या. "काही नाही."

डॉक्टरला तेवढंच ऐकायचं होतं.

सुरुवात त्याने जपूनच केली. दादाच्या प्रयोगशाळेतला थॅलियमचा क्षार, अगदी चिमूटभर, साखरेच्या पाण्यातून, निवडक मुलांना. त्याला चव नव्हती, रंग नव्हता. मुलं गटागट प्यायली. दोन-तीन आठवडे काहीच झालं नाही. मग एका सकाळी एका मुलाच्या उशीवर केसांचे झुपके पडलेले दिसले. त्याने हात फिरवला आणि उरलेले हातात आले, सुकलेल्या गवतासारखे. मुलगा आधी घाबरला, मग त्याला गंमत वाटायला लागली. त्याने शेजारच्या मुलाला उपटून दाखवले. परिचारिका तोंडावर पदर धरून हसत होत्या. डॉक्टर औषधांच्या खोलीत गेला, दार लोटलं आणि भिंतीला कपाळ टेकून रडला. डांबराची कढई त्याने त्याच दिवशी बाहेर फेकायला लावली.

इस्पितळाच्या विश्वस्तांनी येऊन त्याची पाठ थोपटली. आसपासच्या गावांतून मुलं यायला लागली. दादाने नवा निबंध लिहायला घेतला. त्यात एक वाक्य असं होतं की थॅलियमच्या निरुपद्रवी वागण्याने त्याचं कुळ आता सिद्धच झालं आहे.

दुसऱ्या खेपेला भिंगरी होती. या खेपेतल्या काही मुलांचे केस हलेनात. सुताराचा एक मुलगा होता, दाट राठ केसांचा, अनाथाश्रमातून आलेला एक होता, ज्याला भेटायला कधी कुणी यायचं नाही, आणि भिंगरी. डॉक्टरने मात्रा दुप्पट केली. पोटॅश दुप्पट झाला म्हणून कुणाचं बिघडतं?

आधी पोटं दुखायला लागली. डॉक्टरला वाटलं, बाधलं असेल काहीतरी. मग सुताराच्या मुलाने पायावरची चादर लाथाडली. परिचारिकेने घातली की तो किंचाळायचा. चादर ती! नुसती सुती चादर. अनाथ मुलाला बोलता येईनासं झालं, जीभ जड पडली. दोघांचेही केस आता गळत होते, भराभर, पण तिकडे कुणी पाहत नव्हतं.

वहिनींना हे कळलं ते दादा आणि डॉक्टर यांच्या कुजबुजीतून. त्या तशाच इस्पितळात आल्या. भिंगरीच्या खाटेशी तिची आई दोन्ही हातांनी चादर वर उचलून धरून उभी होती, तंबूसारखी, पोरीच्या पायांना लागू नये म्हणून. किती वेळ उभी होती कोण जाणे. तिचे दंड थरथरत होते.

"कुणीतरी माझ्या पायाखाली निखारे ठेवलेत," भिंगरी म्हणाली. "आई, बघ ना खाली."

वहिनींनी दुसऱ्या बाजूची चादर धरली. बराच वेळ धरून उभ्या राहिल्या. मग डॉक्टर आला तेव्हा त्याला बाजूला घेऊन म्हणाल्या, "भाऊजी, हे मलाही झालं होतं. असंच. टाचांपासून."

"कधी?"

"तुम्ही विचारलंत तेव्हा होतंच होतं."

रागवायलाही डॉक्टरकडे बळ नव्हतं. "ते मागनं बघू," तो म्हणाला. "आत्ता काय करू ते सांगा. पोटॅशवर उतारा कुणाला ठाऊकच नाही, कधी लागलाच नाही."

"शिसंच आहे हे. मी पहिल्यापासून ओरडतेय. शिशाचा उतारा द्या."

शिशाचा उतारा डॉक्टरला ठाऊक होता. शिसं कामगारांच्या पोटात जातं तेव्हा त्यांना जुलाबाचं मीठ देतात. त्यातल्या गंधकाशी शिसं बांधलं जातं, न विरघळणारा गाळ होतो आणि बाहेर पडतो. त्याने तिघांनाही मीठ पाजलं. वहिनींनी सुताराच्या मुलाचं डोकं मांडीवर घेऊन चमचा त्याच्या तोंडाला लावला. पहिला गेला. दुसरा गेला. तिसरा भरताना त्यांचा हात थांबला.

शिशाचं गंधकाबरोबरचं मीठ पाण्यात तळाशी बसतं. थॅलियमचं बसत नाही. खुशाल विरघळतं. काजळीतून तो काढताना रोज त्या स्वतः हेच करत होत्या: गंधकाच्या ॲसिडमध्ये विरघळवायचा, पाण्यात घ्यायचा, गाळायचा. ही गोष्ट त्यांच्याइतकी कुणालाच माहीत नव्हती, आणि आत्ता चमचा भरेपर्यंत त्यांना ती आठवली नव्हती. कारण 'शिसं' म्हटल्यावर पुढचं सगळं आपोआप येत गेलं होतं.

"भाऊजी, याने काही होणार नाही," त्या म्हणाल्या. "हा शिसंही नाही."

"मग आहे तरी काय?"

"मला माहीत नाही."

सुताराचा मुलगा दुसऱ्या दिवशी दुपारी गेला. जुलाबांनी तो आणखी खंगला होता, तेवढंच उताऱ्याने साधलं. अनाथ मुलगा त्याच्या मागोमाग. त्याच्याजवळ कुणी नव्हतं म्हणून वहिनी बसल्या होत्या. भिंगरी वाचली. का वाचली ते डॉक्टरला सांगता आलं नाही. बहुधा तिने अर्धं औषध चोरून खाटेखाली ओतलं असावं. डोळे, वाचा, सगळं शाबूत राहिलं. पाय राहिले नाहीत. गुडघ्यांखाली ते नुसते लोंबत. तिच्या आईने पुढे तिला पाठुंगळी घेतलं आणि ती दुसऱ्या गावी बहिणीकडे निघून गेली. जाताना ती डॉक्टरशी एक अक्षर बोलली नाही. त्याने हात जोडले तर वळसा घालून पुढे गेली.

विश्वस्तांनी चौकशी बसवली. लांब टेबल, त्यामागे पाच-सहा माणसं, मध्ये अध्यक्ष. अध्यक्ष कापडाचे व्यापारी होते. दोन आणि दोन चार अशा हिशेबाचा माणूस. डॉक्टर समोर उभा होता. त्याने काहीच लपवलं नाही. मात्रा दुप्पट केली, हो. आधी जनावरावर पाहिलं नाही, हो. भरवसा कुणावर ठेवला? भावाच्या शब्दावर.

मग दादाला बोलावलं.

"मास्तर, आम्ही काही रसायनं शिकलेली माणसं नाही," अध्यक्ष म्हणाले. "एका शब्दात सांगा. हा धातू विषारी कुळातला की साध्या कुळातला?"

दादाला सुटका दिसत होती. सगळ्या जगाचं ज्ञान अजून अपुरं आहे, असं म्हणून सुटता आलं असतं. किंवा, भावाने पुरतं विचारलंच नाही, असं म्हणून. त्याने धाकट्याकडे पाहिलं. डॉक्टर फरशीकडे बघत होता.

"एका शब्दात येत नाही," दादा म्हणाला. "विरघळतो तो पोटॅशसारखा. तोलला तर शिशासारखा. त्याचं कुळ मला माहीत नाही."

"पण तुमच्या तक्त्यात तर त्याची जागा लिहिलेली आहे म्हणे?"

"लिहिली, कारण तिथे जागा होती."

"आणि त्याचं वजन?"

"वजन जुळत नव्हतं. माझ्या बायकोने ते बरोबर काढलं होतं. मी ते लिहिलंच नाही."

टेबलामागे कुजबुज झाली. कुणीतरी हे लिहून घेतलं. पण मुलांना औषध पाजलं होतं ते डॉक्टरने. भिंतीवर चुकीचं लिहिणं हा काही गुन्हा नव्हे. डॉक्टरचा परवाना काढून घेतला. मास्तरांची नोकरी राहिली. वहिनींना कुणी बोलावलंच नाही. त्या दाराबाहेर बाकावर बसून होत्या, स्वच्छ रुमाल बांधून, काय सांगायचं ते मनाशी जुळवत. शिपायाने येऊन सांगितलं, "बाई, संपलं. जा आता."

त्यानंतर एकदा सुतार प्रयोगशाळेत आला. दादा वर्गावर होता. "ज्याने माझा पोरगा गेला ते मला बघायचंय," तो म्हणाला. वहिनींनी कपाटातून बाटली काढून टेबलावर ठेवली. तेलात बुडवलेला बोटभर राखाडी तुकडा. सुतार कितीतरी वेळ वाकून बघत राहिला.

"एवढंसंच?"

"एवढंच."

"विळखा घालणारं, जळणारं काहीतरी असेल असं वाटलं होतं," तो म्हणाला. "हे तर कुणाच्याही खिशात सापडेल." त्याने टोपी घातली आणि गेला. वहिनींना वाटलं होतं की तो शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या पुन्हा तराजूवर बसल्या नाहीत असं मात्र नाही. आठवडाभराने बसल्या. पण तक्त्यात काही लिहायला दादा सांगे तेव्हा त्या म्हणत, "तुम्हीच लिहा." दादानेही लिहिलं नाही. त्याचा निबंध अर्धाच राहिला.

डॉक्टर घरी जेवायला यायचा थांबला. गावाच्या दुसऱ्या टोकाला एक कारखाना होता, लाकडी पाय, कुबड्या, पायांना बांधायच्या पट्ट्या बनवणारा. तिथे त्याने काम धरलं. हाडं कुठे वाकतात, भार कुठे पडतो हे त्याला कळत होतं, त्यामुळे मालक खूश होता. पहिली काही वर्षं तो प्रत्येक नव्या माणसाला विचारायचा, अमुक वयाची एक मुलगी, दोन्ही पाय गुडघ्याखाली गेलेली, कुठे पाहिलीत का. कुणी पाहिली नव्हती. मग त्याने विचारायचं सोडलं.

बऱ्याच वर्षांनी एका दुपारी दादा तिथे आला. आता त्याला काठी लागत होती. डॉक्टर चामड्याला भोकं पाडत होता. दादा लाकडाच्या ओंडक्यावर बसला.

"नवा तक्ता आलाय," दादा म्हणाला. "परदेशात कुणीतरी केलाय. जिथे माहीत नाही तिथे त्याने घरं सरळ रिकामी सोडलीत."

"अच्छा."

"थॅलियम त्यात फटकडीच्या धातूच्या घरात बसवलाय. पोटॅशही नाही नि शिसंही नाही. तिकडे आपल्यातल्या कुणी डोकावलंसुद्धा नव्हतं."

डॉक्टरने हातोडी खाली ठेवली. "वहिनींना सांगितलंस?"

"तिनेच वाचून दाखवलं मला."

"काय म्हणाल्या?"

"काही नाही. वाचलं, घडी केली आणि स्वयंपाकाला लागली."

"मग आता तो तिथे नीट बसतो म्हणायचा?"

"वजन तरी जुळतंय," दादा म्हणाला. "बाकीचं... अजून कोण सांगणार?"

पलीकडे लेथवर कुणीतरी लाकूड घासत होतं, भुसा उडत होता. डॉक्टरने पट्टा पुन्हा हातात घेतला. तो लांब होता, दुसरं टोक सारखं निसटत होतं. दादाने काठी बाजूला ठेवली, पुढे सरकला आणि ते टोक दोन्ही हातांनी घट्ट धरलं.